ध्वनीला काटकोनात वळवताना: सिम्युलेशनमध्ये 96 टक्के, प्रत्यक्षात निम्मंही नाही, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला संदर्भ राहील. विचारणारा विद्यार्थी पुण्यात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन अ‍ॅक्रिलिक शीटच्या मध्ये 20 मिमी उंच आणि 200 मिमी रुंद अशी ध्वनिवाहिनी आहे आणि तिला काटकोनी वळण आहे. 3000 हर्ट्झची सपाट लहर एका तोंडाने आत सोडायची आणि दुसऱ्या तोंडाने सपाटच बाहेर काढायची. कोपऱ्यातल्या चौकोनात भिंती आणि फटींची नक्षी त्याने टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनने (कुठे माल ठेवायचा आणि कुठे मोकळं सोडायचं, हे संगणकाकडून ठरवून घ्यायची पद्धत) शोधली. सिम्युलेशनमध्ये 96 टक्के ऊर्जा पलीकडे पोहोचली. नक्षी थ्रीडी प्रिंट करून मे महिन्यात लॅबमध्ये मोजली, तर शिखर, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जा जाते ती फ्रिक्वेन्सी, 3040 हर्ट्झला सरकलेलं आणि ऊर्जा निम्म्याहून कमी. आता तो विचारतो, ‘ऑप्टिमायझेशनचा अल्गोरिदम बदलू का?’

अल्गोरिदम बदलू नका. तुमच्या अल्गोरिदमने त्याचं काम चोख केलंय. तुम्ही त्याला जे गणित दिलं, त्याचं उत्तम उत्तर त्याने दिलं. फक्त त्या गणितात हवा चिकट नव्हती, छिद्रं अचूक छापली जात होती आणि तापमान कायम 20 अंश होतं. मी पुण्यात सायलेन्सर, एसीच्या डक्ट, मशीनची आवाजरोधक कव्हरं अशी कामं वीसेक वर्षं करतेय. सिम्युलेशन आणि नमुना यांच्यात फरक पडला की पहिला संशय मी सॉफ्टवेअरवर घेत नाही. सॉफ्टवेअरला काय सांगायचं राहिलं, ते आधी शोधते.

पण त्याआधीचा एक प्रश्न: इथे मेटामटेरियलची, म्हणजे मालापेक्षा आतल्या बारीक रचनेच्या जोरावर लहर वळवणाऱ्या अशा नक्षीची, गरज आहे का? हे खरंच परिस्थितीवर अवलंबून असतं. वाहिनीची रुंदी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी असेल तर तिच्यातून फक्त सपाट लहरच जाऊ शकते, आणि ती वळणावरून फारशी कुरकुर न करता जाते. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची नळी कशीही वाकली तरी ठोके ऐकू येतातच. अशा ठिकाणी साधा वाकवलेला पाइप पुरतो. तुमच्याकडे 3000 हर्ट्झला तरंगलांबी साधारण 114 मिमी आहे आणि रुंदी 200 मिमी. 200 मिमी रुंदीत पहिला आडवा मोड, म्हणजे रुंदीच्या दिशेने दाब कमी-जास्त होत जाणारा लहरीचा प्रकार, 857 हर्ट्झला सुरू होतो, दुसरा 1715 ला, तिसरा 2572 ला. म्हणजे 3000 ला सपाट लहर धरून चार मोड एकाच वेळी चालू शकतात. कोपऱ्यावर आदळलेली सपाट लहर या चौघांत वाटली जाते आणि तिचा काही भाग मागे फिरतो. रुंद वाहिनीत गोल वळण दिलं तरी सुटका नाही, कारण आवाज बाहेरच्या भिंतीला चिकटून सरकायला लागतो. विजापूरच्या गोल घुमटात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं ते यामुळेच. तेव्हा तुमचा प्रश्न खरा आहे. ‘रुंद वाहिनीत लहर सपाट ठेवून वळवणं’ हे साध्या पाइपने होत नाही. 20 मिमीची उंची मात्र योग्य निवडलीत. उंचीच्या दिशेचा पहिला मोड 8500 हर्ट्झच्या वर जातो, त्यामुळे द्विमितीय गणित चालतं.

आता 96 टक्के कुठे हरवले ते बघू.

तुम्ही पाठवलेल्या चित्रात काही फटी 0.5 मिमीच्या आहेत. हवा भिंतीला चिकटते आणि भिंतीलगतचा पातळ थर घर्षणात ऊर्जा खातो. 3000 हर्ट्झला हा थर सुमारे 0.04 मिमी जाडीचा असतो. ऐकायला नगण्य वाटतं, पण 0.5 मिमीच्या फटीत तो दोन्ही बाजूंनी असतो, आणि भिंतीशी उष्णतेची देवाणघेवाण होते तिचंही नुकसान वेगळं. गणित केलं तर अशा फटीत दर मीटरला साधारण 28 डेसिबल जातात. नागमोडी वाट 20 सेंटीमीटरची असेल तर साडेपाच डेसिबल, म्हणजे शंभरातले सत्तावीस-अठ्ठावीस भाग पलीकडे पोहोचतात. तीच वाट 2 मिमी रुंद असती तर शंभरातले बहात्तर पोहोचले असते. नुकसान फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. त्यात तुमचा प्रिंटर फिलामेंट वितळवणारा आहे. त्याच्या भिंती दोन्ही बाजूंनी थोड्या फुगतात, त्यामुळे 0.5 ची फट सहज 0.3 ची होते. मग 28 चे 47 डेसिबल होतात. फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) 0.3 ची पट्टी फटीत घालून बघा. ती अडकली तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

शिखर सरकण्याचं कारण जास्त फसवं आहे. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, साधारण 331.3 अधिक प्रत्येक अंशाला 0.6 मीटर प्रति सेकंद. 20 अंशाला 343, 38 अंशाला 354. पुण्यात मे महिन्यात, एसी नसलेल्या लॅबमध्ये दुपारी 38 अंश ही काही विशेष गोष्ट नाही. एवढ्यानेच तुमचं शिखर 3000 वरून 3095 च्या आसपास जायला हवं होतं. पण तुम्हाला दिसलं 3040. का? कारण तुमच्या नक्षीतल्या पोकळ्यांची 4 मिमीची तोंडं छापताना 3.8 मिमीची झाली असतील आणि तोंड अरुंद झालं की रेझोनन्स, म्हणजे पोकळी ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती, खाली येतो. इथे साधारण दोन टक्के, म्हणजे पन्नास-साठ हर्ट्झ. दोन चुका विरुद्ध दिशेच्या होत्या, त्यांनी एकमेकींना बरंचसं झाकलं आणि तुम्हाला वाटलं की फरक किरकोळ आहे. हाच नमुना डिसेंबरात सकाळी मोजला असता तर शिखर 3000 च्या खाली गेलं असतं आणि तुम्ही वेगळंच काही दुरुस्त करत बसला असता.

हे इतक्या ठामपणे सांगते कारण मी यात भाजलेय. सुरुवातीच्या काळात भोसरीतल्या एका वर्कशॉपसाठी ब्लोअरच्या तोंडावर बसवायचा रेझोनेटरचा संच केला होता. जानेवारीत सकाळी आठला पत्र्याच्या शेडमध्ये मोजला, तेव्हा ब्लोअरची शिट्टी एकदम बसली. सगळे खूश. एप्रिलच्या शेवटी फोन आला, ‘मॅडम, शिट्टी परत आली.’ गेले तर शेडमध्ये 40 अंश. संचाचं शिखर पाच टक्के वर सरकलं होतं. ब्लोअरची शिट्टी पात्यांच्या संख्येवर आणि मोटरच्या फेऱ्यांवर ठरते, ती जिथल्या तिथे होती. संच उत्तम होता, पण एका तापमानाला. तेव्हापासून माझ्या मोजमापाच्या वहीत प्रत्येक आलेखाशेजारी तापमान लिहिलेलं असतं.

याच्या मुळाशी या क्षेत्रातली एक जुनी देवाणघेवाण आहे. 1995 साली स्पेनमधल्या संशोधकांनी माद्रिदमधलं एक शिल्प मोजलं होतं. उभ्या स्टीलच्या नळ्या, एकमेकींपासून 10 सेंटीमीटरवर. 1670 हर्ट्झच्या आसपास त्यातून आवाज लक्षणीय कमी जात होता. तिथे सगळं अंतरावर चालतं, कारण 10 सेंटीमीटर म्हणजे त्या आवाजाची जवळपास अर्धी तरंगलांबी. पुढे 2000 साली हाँगकाँगच्या गटाने शिशाच्या सेंटीमीटरभर गोळ्यांना सिलिकॉन रबराचं आवरण देऊन त्या इपॉक्सीत बसवल्या आणि दीड सेंटीमीटरच्या घरांच्या रचनेतून 400 हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडवला. घर तरंगलांबीच्या मानाने अगदीच लहान. ही किमया रेझोनन्सची. पण रेझोनन्स जागा वाचवतो तेव्हा बँडविड्थ, म्हणजे रचना चालते तो फ्रिक्वेन्सींचा पट्टा, घेतो. जितकं शिखर टोकदार तितकी ऊर्जा आत जास्त वेळ घोळत राहते, जास्त वेळा भिंतींना घासते, आणि तापमानाच्या जराशा बदलाने घसरते. तुमच्या ऑप्टिमायझरला फक्त 3000 हर्ट्झ दिल्यावर त्याने टोकदार शिखर शोधलं, कारण त्याच्या दृष्टीने त्याची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती.

मग काय करायचं? माझी पद्धत सांगते.

पहिली गोष्ट, ऑप्टिमायझरला कोरा चौकोन देऊ नका. टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन 1988 च्या सुमारास पुढे आलं ते पूल, ब्रॅकेट अशा वस्तू कमी मालात मजबूत करण्यासाठी. तिथे गणित बऱ्यापैकी सरळ वागतं. लहरींच्या गणितात मात्र खड्डेच खड्डे असतात. जिथून सुरुवात कराल त्याच्या जवळच्या खड्ड्यात उत्तर अडकतं. म्हणून आधी कागदावर भौतिकशास्त्र करा आणि ऑप्टिमायझरला तिथून पुढे न्या.

तुमच्या बाबतीत ते असं. 200 मिमीची वाहिनी वळणावर 50 मिमीच्या चार समांतर गल्ल्यांत विभागा, एसीच्या डक्टच्या वळणात हवेसाठी पात्या बसवतात तशा. 50 मिमीच्या गल्लीत आडवा मोड 3430 हर्ट्झपर्यंत सुरूच होत नाही, त्यामुळे प्रत्येक गल्लीत फक्त सपाट लहर. आतल्या भिंतीची त्रिज्या 100 मिमी धरली तर गल्ल्यांच्या मध्यरेषा 125, 175, 225 आणि 275 मिमी त्रिज्येवर येतात. त्यांच्या कमानींची लांबी अनुक्रमे 196, 275, 353 आणि 432 मिमी. शेजारच्या दोन गल्ल्यांत 78 मिमीचा फरक, म्हणजे जवळपास 0.7 तरंगलांबी. आतली लहर आधी बाहेर पडते, बाहेरची उशिरा, आणि लहरीचा सपाटपणा तिथे मोडतो. खरी अडचण ही आहे, आणि मेटामटेरियलचं कामही एवढंच: आतल्या गल्ल्या सावकाश करायच्या. सगळ्यांचा वेळ सारखा यायला सर्वांत आतल्या गल्लीत ध्वनी 2.2 पट सावकाश हवा, पुढच्या दोन गल्ल्यांत अनुक्रमे 1.57 आणि 1.22 पट, शेवटची मोकळी. सावकाश करायला आडव्या पट्ट्या घालून वाट नागमोडी करायची.

इथे एक मोह होतो. पूर्ण तरंगलांबीचा फरक राहिला तरी एका फ्रिक्वेन्सीला फेज, म्हणजे लहरींच्या चढ-उतारांचा मेळ, जुळतोच, मग एवढी लांब वाट कशाला? 3000 हर्ट्झला ते बरोबर आहे. 3100 ला नाही. खरा विलंब सारखा केला तरच फ्रिक्वेन्सींच्या रुंद पट्ट्यात चालतं. जागा परवडत असेल तर मी नेहमी खरा विलंब घेते. एखाद्या यंत्रात जागाच नसेल आणि फ्रिक्वेन्सी पक्की असेल, तर फेज जुळवून भागवायला माझी हरकत नाही.

नागमोडी केलं की गल्ली अरुंद होते आणि तोंडाशी इम्पीडन्स, म्हणजे लहरीला होणारा विरोध, जुळत नाही. 2.2 पट फरकाला एका तोंडावर सुमारे 14 टक्के ऊर्जा मागे फिरते. आत शिरायचं आणि बाहेर पडायचं तोंड निमुळतं करून हे कमी करता येतं. आणि नेमकं इथे ऑप्टिमायझर माणसापेक्षा कितीतरी चांगला आहे. पट्ट्यांची लांबी, त्यांच्यातलं अंतर, तोंडाचा उतार, हे त्याच्या हाती द्या. कोऱ्या चौकोनात हजारो पेशींशी झगडण्यापेक्षा या पंचवीस-तीस मापांत त्याला सोडलं तर उत्तर लवकर येतं, आणि आलेलं उत्तर तुम्हाला समजतंही. परीक्षक तेच विचारणार आहेत.

दुसरी गोष्ट, उद्दिष्ट बदला. 3000 ला जास्तीत जास्त ऊर्जा असं न सांगता 2850 ते 3150 मध्ये सात फ्रिक्वेन्सी घ्या आणि त्यांतली सर्वांत वाईट सुधारायला सांगा. यात तापमान आपोआप येतं. घर्षण सोडलं तर समीकरणात फ्रिक्वेन्सी आणि वेग कायम भागाकारातच येतात, त्यामुळे वेग पाच टक्के वाढणं आणि फ्रिक्वेन्सी तेवढीच कमी होणं हे रचनेला एकच आहे. म्हणजे 10 ते 40 अंशांचं पुण्याचं वर्ष 3000 च्या दोन्ही बाजूंना मिळून पाच-साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात बसतं. तापमानाची वेगळी सिम्युलेशन करत बसू नका.

तिसरी, प्रत्येक फेरीत तीन रचना तपासा: आखलेली, सगळ्या भिंती 0.1 मिमी फुगलेली आणि सगळ्या 0.1 मिमी झिजलेली. तिघींतली सर्वांत वाईट जी असेल तिचा आकडा खरा धरा. वेळ तिप्पट लागतो, पण छापून फेकून दिलेल्या नमुन्यांपेक्षा तो स्वस्त पडतो.

चौथी, घर्षण पहिल्या दिवसापासून गणितात असू द्या. चिकटपणा आणि उष्णता धरून पूर्ण गणित फार जड होतं, ते शेवटच्या तपासणीला ठेवा. शोधताना एक सोपी युक्ती चालते: रचनेच्या भागात तरंग-अंकाला (लहर दर मीटरला किती फेज पुढे सरकते तो आकडा) एक-दीड टक्का काल्पनिक भाग द्या, म्हणजे गणितातली लहर जाता जाता क्षीण होत जाते. 2 मिमीच्या फटीतलं नुकसान साधारण तेवढंच असतं. एवढ्याने टोकदार रेझोनन्स महाग होतात आणि ऑप्टिमायझर आपणहून त्यांच्यापासून लांब राहतो. आणि 2 मिमीपेक्षा अरुंद फट नको, ही अट सरळ घाला.

आता बनवणं. तुमची रचना द्विमितीय आहे, मग थ्रीडी प्रिंट कशाला? अ‍ॅक्रिलिक किंवा एमडीएफ लेझरने कापून थर रचा. कडा गुळगुळीत येतात आणि माप बरंच अचूक बसतं. किरणाने खाल्लेली जागा साधारण 0.2 मिमी असते, ती चित्रात आधीच भरून काढा. शहरात नावाच्या पाट्या आणि मखरं करणारे लेझरवाले भरपूर आहेत. फक्त गणपतीच्या आधीचे दोन महिने त्यांच्याकडे जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

सगळ्यात जास्त घोळ झाकणात होतो. भिंतीच्या माथ्यावर आणि वरच्या शीटमध्ये 0.3 मिमीची फट राहिली तर आवाज भिंत ओलांडून शेजारच्या गल्लीत जातो आणि चारही विलंब एकमेकांत मिसळतात. मी भिंतींच्या माथ्यावर व्हॅसलीनचं पातळ बोट फिरवते आणि पारदर्शक शीट दाबून बसवते. जिथे शीट टेकली तिथे भिंतीचा माथा वरून ओलसर, गडद दिसतो. जिथे फिकट पट्टा राहिला तिथे गळती. तिथे क्लॅम्प सरकवायचा. छापलेल्या पोकळ्या वापरणारच असाल तर त्या पाण्याच्या बादलीत बुडवून सिरिंजने हवा ढकला, पंक्चरवाला ट्यूब बघतो तशी. छापलेली भिंत डोळ्यांना सलग दिसते, पण थरांच्या मधून बुडबुड्यांची बारीक माळ निघताना मी कितीदा तरी पाहिलीय. आतून वॉर्निशचा हात दिला की ती बंद होते.

मोजमापाबद्दलही बोलायला हवं. तुम्ही बाहेरच्या तोंडाशी मधोमध एक माइक ठेवलात. चार मोड चालू असताना एका बिंदूवरचा दाब ऊर्जेबद्दल फार थोडं सांगतो. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळणारा साधा इलेक्ट्रेट माइकही चालेल, पण तो रुंदीभर 10 मिमीच्या टप्प्याने सरकवा, एकापुढे एक अशा दोन ओळींत, आणि प्रत्येक जागी स्पीकरच्या सिग्नलच्या तुलनेत फेजही नोंदवा. दोन ओळींमुळे पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या लहरी वेगळ्या होतात. मग प्रत्येक मोडचा वाटा काढता येतो, आणि ‘ऊर्जा पोहोचली पण सपाट नव्हती’ आणि ‘ऊर्जाच पोहोचली नाही’ यांतला फरक दिसतो. वाहिनीच्या शेवटी किमान 300 मिमी लांबीची फोमची पाचर हवी. फोम विकत घेताना तोंड लावून फुंकर मारा, हवा पलीकडे गेली तरच घ्या. बंद पेशींचा पॅकिंग फोम आवाज परत फिरवतो, आणि त्याचा दोष तुमच्या रचनेच्या माथी बसतो.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की हीच रचना मोठी करून 150 हर्ट्झचा आवाज करणाऱ्या जनरेटरसाठी वापरता येईल का. मापं वीसपट करावी लागतील, 200 मिमीचे 4 मीटर. घर्षणाचं नुकसान उलट कमी होईल, कारण फट वीसपट होते आणि चिकट थर साडेचार पटच. पण 150 हर्ट्झला 200 मिमीच्या डक्टमध्ये दुसरा मोडच नसतो, त्यामुळे तिथे आवाज वळवायला काहीच लागत नाही. तिथे आवाज कमी करायचा असतो, आणि ते गणित वेगळं आहे.

सबमिशनला तीन आठवडे आहेत असं लिहिलंय. त्यात नवी रचना शोधण्याआधी एक दिवस वेगळा काढा: नक्षी काढून टाका आणि रिकामा काटकोन मोजा. तुमच्या प्रश्नात हा आकडा कुठेच नाही. रिकाम्या कोपऱ्यातून सपाट लहरीत किती टक्के जातं ते कळल्याशिवाय तुमची नक्षी मदत करतेय की अडवतेय, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. सकाळी सातला एकदा आणि दुपारी तीनला एकदा मोजा, शेजारी थर्मामीटर ठेवा. दोन्ही आलेख आणि फीलर गेजची मापं इथे टाका, मग 50 मिमीच्या गल्ल्यांमधल्या पट्ट्यांची सुरुवातीची मापं आपण बसून काढू.